फटाकी बोगद्यात जाईना

बोरखेडी, ता. जाफराबाद
६ ऑगस्ट

तीर्थरूप आक्कास,
रामकिसनचा नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सर्व खुशाल’ असं लिहायचं, हे शाळेत शिकवलं होतं. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण तेवढं पक्कं लक्षात आहे. म्हणून लिहितो, इकडे सर्व खुशाल. आता खरं काय ते सांगतो.

फोन करणार होतो. पण फोनवर तू बोलतेस, मी हं हं करतो, आणि ठेवला की आठवतं, बोलायचं ते राहूनच गेलं. त्यापेक्षा कागद बरा. मधे कुणी तोडत न्हाई.

आपल्या गावाच्या आणि गायरानाच्या मधून नवा मोठा रस्ता निघाला, ते तुला माहीत आहे. तू आल्तीस तेव्हा नुसता मुरूम पडला होता. आता रस्ता पुरा झाला. दोन पुरुष उंच भराव, दोन्ही अंगांनी तारेचं कुंपण. माणसांना, जनावरांना पलीकडं जाता यावं म्हणून खालून सिमेंटचा बोगदा ठेवला आहे. बैलगाडी जाईल एवढा आहे. पण आत अंधार, मधोमध पाण्याचं डबकं, आणि वरून ट्रक गेला की आत असा धडधडाट होतो की जसं काही सगळं अंगावर येऊन राह्यलं. गावातल्या गाई-म्हशी जातात. माझ्या शेळ्या जात न्हाईत. तोंडाशी येतात आणि एकमेकींच्या मागं तोंड लपवून उभ्या राहतात. ओढून बघितल्या, दोरी तुटली. हाकलून बघितल्या, त्या घरी परत आल्या, माझ्या आधी.

कौसल्याची ती म्हातारी शेळी पुढारीण होती तोवर प्रश्न नव्हता. ती निघाली की बाकीच्या माना खाली घालून मागं. उन्हाळ्यात ती गेली. आता पुढं व्हायला कुणी न्हाई, आणि सगळं गायरान पलीकडं. बांधावरचं गवत संपलं, चारा विकत आणून राह्यलो.

हरिओम नवीन जालन्याहून फोन करतो. म्हणतो, “अण्णा, विकतच्या चाऱ्यावर कुणी शेळ्या पाळतं का? दिवाळीआधी विकून टाकू. तुम्ही इकडं राहायला या.” त्याचं चूक न्हाई. पोरगा चांगला आहे, सून चांगली आहे. पण तिसऱ्या मजल्यावर मी दिवसभर काय करू? मागं गेल्तो तेव्हा गॅलरीत उभा राहून खालून जाणाऱ्या सगळ्या मोटरसायकलवाल्यांची काळजी करत बसलो. आणि या शेळ्या कौसल्याच्या शेळ्यांच्या लेकी-नाती आहेत. तुझी भावजय जाऊन चार वर्षं झाली, पण संध्याकाळी या ओरडायला लागल्या की घरात कुणी आहे असं वाटतं.

तर मागणं असं. तुझ्याकडं त्या दोन जुळ्या बहिणी आहेत ना, त्यातली फटाकी मला दे. कारखान्याच्या भोंग्याला भीत न्हाई, उसाच्या ट्रॅक्टरवर चढते, असं तूच सांगतेस. ती पुढं झाली तर बाकीच्या जातील. लाजरी पाठवू नको. लाजरीसारख्या माझ्याकडं दहा आहेत, अकरावा मी.

आपल्या गावचा भुजंग मिरचीच्या गोण्या घेऊन अंबडला येतो, त्याच्या जीपमधे द्यावी. टपावर बिलकुल बसवू नये. रिकाम्या गोण्यांजवळही नको, मिरचीनं शिंका येतील.

तुझा भाऊ,
रामकिसन

अंकुशनगर
१५ ऑगस्ट

चि. रामकिसनास आशीर्वाद.

मी सांगून राह्यले आणि मीना लिहून राह्यली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, मला कागद आणि भाकरी एकसारखेच दिसतात.

तुझं पत्र सुनेनं वाचून दाखवलं. ऐकता ऐकता मलाच धाप लागली. रामा, तू लहानपणापासून असाच. ताटात भात पडला की आधी त्यात खडा शोधणार. बोगदा म्हणजे काय, वरून झाकलेला रस्ता. त्यात एवढं काय आहे?

असू दे. फटाकी आजच भुजंगच्या जीपनं पाठवली. पत्राआधी ती पोचेल. लेक सासरी पाठवावी तशी पाठवली. कपाळाला हळदकुंकू लावलं, गूळ-भाकरी चारली, पाठीवरून हात फिरवला. भुजंगला सांगितलं, “जिच्या कपाळाला कुंकू असेल ती न्यायची.” त्याला दोघी सारख्याच दिसतात. सगळ्यांनाच दिसतात. दोघी काळ्याकुळकुळीत, कानांवर पांढरे ठिपके, उंचीला बराबर. मला मात्र डोळे लागत न्हाईत. मी स्वभावावरून ओळखते. गुळाचा वास आला की फटाकी येऊन मला ढुशी देते, लाजरी खुंट्याशी अंग चोरून उभी राहते. आज तर जीपचा हॉर्न वाजला तशी फटाकी येऊन माझ्या पायाला चिकटूनच उभी राहिली. म्हणलं, बघा, हिला कळलं जायचं म्हणून. तिथंच कुंकू लावलं.

आता तिला तुझ्या काळज्या शिकवू नको म्हणजे झालं.

आणि एक. भाऊबीजेला यंदा तरी येणार का? आम्ही इथं राहायला आलो तेव्हापासून तू एकदा आला न्हाईस. भाऊ चांगला धडधाकट असून मी दर वर्षी चंद्राला ओवाळते. त्याला तरी काय वाटत असेल!

तुझी आक्का

(मामा, हे माझं. जीप निघताना दुसऱ्या शेळीला भुजंगनं बॉनेटवरून खाली उतरवलं. ती वायपर चघळत होती. आईंना दोघींचं कौतुक वेगवेगळं आहे, मला दोघींचा कंटाळा सारखाच आहे. तुम्ही एक नेलीत, उपकार झाले. — मीना)

बोरखेडी
२८ ऑगस्ट

तीर्थरूप आक्कास नमस्कार.

फटाकी पोचली. मीनाला सांग, बॉनेट तापलेलं असतं, शेळीला त्यावर चढू देऊ नये, पाय भाजतात.

पण आक्का, फटाकीला काय झालंय? जीपमधून उतरली आणि सरळ माझ्या मागं येऊन उभी राहिली. पाण्याची नवी बादली ठेवली, तर तिनं आधी लांबून बघितली, मंग चारी बाजूंनी फिरून वास घेतला, आणि पाणी पिली ती संध्याकाळी. दोरीवर माझं धोतर हलत होतं, त्याचीही तशीच चौकशी झाली. भोंग्याला न भिणारी शेळी ही? भुजंगला विचारलं, रस्त्यात काही झालं का. म्हणाला, “काही न्हाई अण्णा, गरीब गाय आहे, आवाज सुद्धा केला न्हाई.”

बोगद्याशी नेली. तोंडाशी थांबली. कान पुढं केले, भिंतीचा वास घेतला, सिमेंट चाटून बघितलं. वरून ट्रक गेला तशी परत फिरून माझ्या पायांत. बाकीच्या दहा जणी बघत होत्या. मला त्यांच्यापुढं लाज वाटली.

मी विचार करकरून एका गोष्टीवर आलो. माझी भीती तिला लागली. दोरी धरली की माझ्या हाताला घाम सुटतो, तो तिला कळत असणार. कौसल्या म्हणायची, “तुम्ही गोठ्यात आलात की म्हैस पान्हा चोरते.” तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, बरोबर बोलत होती. तू एवढी धीट शेळी दिलीस आणि मी पंधरवड्यात तिचा ससा केला.

आता काय करावं, ते कळव. हरिओम दसऱ्यानंतर व्यापारी घेऊन येतो म्हणतो. तेवढ्यात ही सुधारली न्हाई तर दहाच्या दहा जातील.

भाऊबीजेचं म्हणशील तर मन फार होतं. पण जाफराबादहून जालना, जालन्याहून अंबड, अंबडहून पुढं, तीन गाड्या बदलायच्या. एक चुकली तर मी कुठल्या स्टँडवर बसू?

रामकिसन

अंकुशनगर
६ सप्टेंबर

चि. रामकिसनास आशीर्वाद.

मला वाटलंच होतं. सोन्यासारखी शेळी दिली आणि तू तिची वाट लावलीस. जनावर धन्यावर जातं, हे अगदी खरं. कारण इकडं उलटं झालं. लाजरी सुधारली! बहीण गेल्यापासून नुसती माझ्याजवळ राहते, माझं बोलणं ऐकते, आणि बघ, कशी तयार झाली. सकाळी तुझ्या भाच्याच्या, राजानंदच्या स्कूटरच्या सीटवर उभी. शेजारणीच्या दारचं आंब्याचं तोरण खाल्लं. दाराची कडी शिंगानं उघडते. परवा पोळ्याला स्वयंपाकघरात शिरून पुरणाच्या पातेल्यात तोंड घातलं. राजानंद चिडला. मी म्हणलं, “अरे, आजवर खुंट्यामागं लपत होती बिचारी. तिला आत्ता कुठं धीर आला, तिला रागावू नको.”

(मामा, पुरण मी वाटलेलं होतं. शिवाय माझ्या नव्या साडीचा पदर तिनं दोरीवरच अर्धा खाल्ला. एक शंका येते. माणूस वर्षानुवर्षं बदलत नाही, मग शेळी तीन आठवड्यांत एवढी कशी बदलली? आईंना विचारलं तर म्हणाल्या, “तू लिही.” — मीना)

तर तुला उपाय सांगते. तिच्यापुढं घाबरायचं न्हाई. मोठ्यानं बोलायचं. छाती काढून चालायचं. मनात भीती असली तरी तोंडावर आणायची न्हाई. दोरी घट्ट धरायची आणि चल म्हणायचं. राजानंदच्या लग्नात बँडवाले बिथरलेल्या घोड्याला कसे दामटत होते, तसं.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन या महिनाअखेरीला जालन्याला ठरलं. काळजी करू नको. हे लिहून काही उपयोग न्हाई, पण लिहिते.

आक्का

बोरखेडी
१९ सप्टेंबर

तीर्थरूप आक्कास नमस्कार.

उपाय केले. कौसल्यानं घेतलेला लाल पटका बांधला, छाती काढली, आणि बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून मोठमोठ्यानं बोललो. “चल! काय आहे आत? काही न्हाई! नुसता रस्ता आहे!” वरच्या अंगाला शेजारची साळूबाई कापूस बघत होती. ती ओरडली, “अण्णा, कुणाशी भांडून राह्यले?”

मी म्हणालो, “शेळीला धीर देऊन राह्यलो.”

“मंग शेळीकडं बघून बोला ना. बोगद्याकडं बघून काहून ओरडता?”

फटाकी तोवर खाली बसली होती.

दोरी घट्ट धरली तर ती पाय रोवते. म्हणून उपाय सोडून दिले. आता मी नुसता दोरी सैल सोडून दगडावर बसतो, आणि ती तिचं बघते. रोज तेच. आधी तोंडाशी उभी राहते, भिंतीचा वास घेते, मंग सावली सुरू होते तिथवर जाते. परत येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, पण एक पाऊल जास्त. आता डबक्यापर्यंत पोचली. वर ट्रक आला तर आधी पळून यायची, आता जागीच थांबते, कान हलवते, आणि ट्रक गेला की पुढचा वास. मला तर वाटतं ट्रकांचे आवाजही ती एकेक करून तपासून राह्यली.

एक गंमत झाली ती सांगतो. माझ्याकडं तो बोकड आहे, दांडगा, ज्यानं पोस्टमनला पाडलं होतं. बुधवारी त्याला काय लहर आली, तो डबकं उडवत सूं करून बोगद्यातून पार! मला आनंद झाला, म्हणलं, झालं काम. पण एकही शेळी हलली न्हाई. त्याच्याकडं अशा बघत होत्या, की जशा लग्नात दारू पिऊन नाचणाऱ्याकडं बाया बघतात. तो पलीकडं एकटाच ओरडत राहिला. शेवटी साळूबाईनं जाऊन त्याला आणला. पण फटाकी डबक्याशी उभी राहते ना, तेव्हा सगळ्याच्या सगळ्या माना लांब करून बघतात. चरायचं सोडून बघतात.

पण हे असं किती दिवस पुरणार? हरिओमनं दसऱ्यानंतरचा सोमवार पक्का केला. व्यापाऱ्याला सांगून ठेवलं आहे.

ऑपरेशनची मला फार काळजी आहे. डॉक्टरला विचार, आधी कुणाकुणाचे डोळे केले आणि त्यांना आता दिसतं का. लाजू नको.

रामकिसन

अंकुशनगर
४ ऑक्टोबर

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

आईंचं ऑपरेशन उत्तम झालं. तुमच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर हसले आणि बाहेर बसलेल्या चार आजीबाईंना आत बोलावून उभं केलं. आईंचं समाधान झालं.

पट्टी निघाली. सगळं लख्ख दिसतं. घरी आल्यावर पहिल्यांदा मला म्हणाल्या, “मीना, तू वाळलीस गं.” मग शेळीजवळ गेल्या. तिचं तोंड बघितलं, मागं जाऊन शेपटी उचलून बघितली, आणि ओट्यावर बसून राहिल्या. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, “काही नाही.”

आई ‘काही नाही’ म्हणाल्या, हे मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ऐकलं. तुम्हाला पत्र लिहू का विचारलं, तर म्हणाल्या, “थांब, मला दिसायला लागलंय. मीच लिहीन.” अजून लिहिलेलं नाही. चिंतेचं कारण नाही, पण तुम्ही करणार, म्हणून आधीच कळवते.

आपली,
मीना

बोरखेडी
१६ ऑक्टोबर

तीर्थरूप आक्कास नमस्कार.

मीनाचं पत्र मिळालं. तू गप्प का आहेस? डोळा दुखतो का? का माझ्यावर रागावलीस? जे असेल ते कळव. पण आधी माझं ऐक.

सोमवारी सकाळी हरिओम आला, संगं व्यापारी आणि टेम्पो. व्यापाऱ्यानं एकेका शेळीच्या पाठीवर अंगठा दाबून बघितला. मला ते बघवेना. फटाकीपाशी आला तर ती एक पाऊल मागं सरली आणि त्याच्या चपलेचा वास घेत बसली. हरिओम म्हणाला, “अण्णा, हीच का तुमची फटाकी? हिच्यात फटाका कुठंय?”

मी म्हणालो, “आजचा एक दिवस बोगद्याशी नेऊन येतो. मंग घेऊन जा.”

“आता कशाला, अण्णा?”

“तिची रोजची वेळ आहे,” मी म्हणालो.

सगळे आले. फटाकीनं तिचं रोजचं सुरू केलं. तोंडाशी उभी राहिली. भिंतीचा वास. व्यापारी घड्याळ बघून राह्यला. ती सावलीत गेली. डबक्याशी थांबली. मंग भिंतीच्या कडेनं कोरडी पट्टी आहे, हातभर रुंद, तिच्यावर तिनं एक पाय ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. तेवढ्यात वरून मोठा ट्रक गेला, असा धडधडाट की व्यापारीच दोन पावलं मागं आला. ती थांबली. कान हलले. ट्रक गेला. आणि आक्का, ती चालायला लागली. घाई न्हाई, काही न्हाई. पार मधोमध गेली, तिथून मागं वळून बघितलं आणि हळूच एकदा ओरडली. ती एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ओरडली.

तशी ती करडी थोरली शेळी पुढं झाली. तिच्या मागं दुसरी. मंग सगळ्या, एकामागं एक, भिंतीच्या कडेनं, फटाकीनं जिथं पाय ठेवला तिथंच पाय ठेवून. एकीचाही खूर भिजला न्हाई. आमचा दांडगा बोकड सगळ्यात शेवटी, गुमान.

आणि त्याच्या मागं मी. तुला सांगितलं नव्हतं, पण रस्ता झाल्यापासून मीच आत गेलो नव्हतो. शेळ्या जात न्हाईत म्हणून सांगत होतो. त्या दिवशी भिंतीला हात लावत लावत गेलो. मागून हरिओम ओरडला, “अण्णा, जपून!” हे वाक्य या घरात आजवर मीच म्हणत आलो. बाहेर आलो तर समोर सगळं गायरान, पाऊस झालेला, गवत गुडघ्यापर्यंत, आणि शेळ्या अशा तुटून पडलेल्या की आवाज येऊन राह्यला होता.

व्यापारी पलीकडून हाका मारत होता, “हरिओमभाऊ, माल तर तिकडं गेला!” हरिओम भरावावर बसून पोट धरून हसत होता. मंग व्यापारी स्वतः आला आणि मला म्हणाला, “काका, बाकीच्या राहू द्या. ती काळी तेवढी द्या. असली शेळी कळपात असली की गुराखी लागत न्हाई.” मी न्हाई म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

हरिओम संध्याकाळी निघताना म्हणाला, “ठेवा अण्णा. इतक्या शेळ्या तिसऱ्या मजल्यावर बांधायच्या तरी कुठं!” टेम्पो रिकामा गेला.

मला वाटलं, आता फटाकी पहिल्यासारखी धीट झाली. कशाचं काय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंडाशी उभी, पुन्हा भिंतीचा वास, पुन्हा पाय ठेव, पाय काढ. आजही तसंच. रोज पार जाते, पण रोज सगळं तपासून. म्हणून एकच काळजी वाटते. तू धीट शेळी दिलीस, ती मी अशी करून ठेवली, याचा तुला राग आला असेल. रागावू नको. माझं काम झालं.

रामकिसन

अंकुशनगर
२२ ऑक्टोबर

चि. रामास आशीर्वाद.

हे मी माझ्या हातानं लिहिते. अक्षर मोठं आहे, समजून घे. मधे मीना न्हाई, म्हणून खरं लिहायला बरं पडतं.

तू काही बिघडवलं न्हाईस. मीही काही सुधारवलं न्हाई. लाजरी जन्मली तेव्हा माझे डोळे चांगले होते. तिच्या शेपटीच्या टोकाला चार पांढरे केस होते. पट्टी निघाल्यावर इकडच्या शेळीची शेपटी बघितली. काळी ठिक्कर. ती फटाकी आहे. पहिल्यापासून फटाकीच होती. तुझ्याकडं गेली ती लाजरी.

त्या दिवशी हॉर्न वाजला तेव्हा भिऊन माझ्या पायाशी आली ती लाजरी. मला वाटलं, फटाकी निरोप घ्यायला आली. मी कुंकू लावलं आणि भुजंगनं कुंकू बघून नेली. फटाकी तेव्हा बॉनेटवर होती. मीनानं ते पत्रात लिहिलं होतं म्हणे. मला कुठं दिसत होतं? पण तुला दिसत होतं ना! तू मात्र बॉनेट गरम का थंड, त्यात अडकलास. तीन पत्रं आपण दोघं भांडलो. मी म्हणे माझ्या सहवासानं, तू म्हणे माझ्या घामानं. आणि त्या दोघी जशा होत्या तशाच. मी एवढी बढाई मारली, डोळे लागत न्हाईत म्हणून. पंधरा दिवस मला पत्र लिहायची लाज वाटत होती. राजानंद तर जेवायला बसला की शेपटीकडं बघतो आणि हसतो.

फटाकी पाठवू का? तू जी मागितलीस ती. सांगशील तसं. पण खरं सांगू, ती आली असती तर पहिल्याच दिवशी बोगद्यातून पार होऊन जाफराबादच्या स्टँडवर भजी खात बसली असती, आणि तुझ्या दहा जणी इकडंच.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला आपली नदी आठवली. पाणी उतरायला लागलं की मी पहिली उडी मारायचे. पलीकडं जाऊन उभी राहायचे आणि हाका मारायचे, “या रे! काही न्हाई!” कुणी यायचं न्हाई. एकटीच बोरं खात बसायचे. मंग तू यायचास, काठी टेकवत, इथं खोल, इथं दगड, इथं पाय घसरतो, असं पुटपुटत. आणि आळीतली सगळी पोरं तुझ्या मागं, तुझ्या पावलावर पाऊल टाकून. मला तुझा इतका राग यायचा! सगळ्यात धीट मी, आणि पोरं जाणार तुझ्या मागं. आज लिहिताना कळतं, मीही परत येताना तुझ्याच मागून यायचे.

आक्का

(मामा, आईंनी पत्र चिकटवायला दिलं, तेवढ्यात लिहिते. फटाकी पाठवू का, या प्रश्नाला कृपा करून हो म्हणा. आता तिनं गॅसची नळी हुंगली. — मीना)

बोरखेडी
२८ ऑक्टोबर

तीर्थरूप आक्कास नमस्कार.

पत्र वाचून आधी गोठ्यात गेलो. शेपटी बघितली. केस चार न्हाईत, पाच आहेत, पण तू लिहिलंस ते बरोबर. मंग एक करून बघितलं. लांब उभा राहून हाक मारली, “फटाकी!” ती चरत राहिली. मला वाटायचं, ही नावाला ओ देत न्हाई, कानानं अधू आहे का, डॉक्टरला दाखवावं का. मंग म्हणालो, “लाजरी!” तशी मान वर. थांबली, इकडं तिकडं बघितलं, आणि आली. अडीच महिने मी बिचारीला भलत्याच नावानं हाका मारून राह्यलो, आणि तिनं समजून घेतलं.

बदलायची न्हाई. लाजरी इथंच राहील. फटाकी तुझ्याकडंच ठेव. मीनाला सांग, माफ कर, एवढं एक माझ्यानं होणार न्हाई. माझ्याकडं बोगदा आहे, आणि तुझ्याकडं तू आहेस. दोघी बराबर जागी पोचल्या. गॅसच्या नळीला मात्र जाळी बसवून घ्यावी, आजच.

नदीचं मला आठवत नव्हतं. म्हणजे नदी आठवते, पण मागं पोरं होती हे आठवत न्हाई. मी कधी मागं वळून बघितलंच नसेल, पायाखाली बघत असेन. आता साळूबाईलाही सांगून आलो. ती म्हणाली, “अण्णा, हे तर आम्हाला ठाऊकच होतं. आजही गावात दुधाची पिशवी तुम्ही हुंगून घेतली की मंगच आम्ही घेतो.”

हरिओम दिवाळीला इकडं येणार. म्हणतो, “दोन दिवस शेळ्या मी नेतो, तुम्ही जाऊन या.” मी त्याला सांगितलं, तुला काही करायचं न्हाई, दोरी सैल सोड आणि लाजरीच्या मागं जा. ती थांबली की थांब.

तर आक्का, भाऊबीजेला येतो. चौकशी करून राह्यलो. काल जाफराबादच्या स्टँडवर जाऊन जालन्याची गाडी नुसती बघून आलो, चढलो न्हाई. आज चढून मधल्या फाट्यापर्यंत गेलो आणि परत आलो. ड्रायव्हर शांत आहे. परवा जालन्यापर्यंत जाऊन अंबडची गाडी कुठल्या फलाटाला लागते ते बघणार आहे. एखादी चुकली तर दुसरीनं येईन, पण येईन.

चंद्राला यंदा माझ्या जागी उभं करू नको. ताट तयार ठेव, फक्त निरांजन लावायची घाई करू नको. मी दाराशी आलो तरी आधी फटाकी बांधलेली आहे ना, ते बघूनच आत येईन.

तुझा भाऊ,
रामकिसन